धाकट्या जावयाचं वॉशिंग मशीन

आदरणीय साडूभाऊ,

तुम्ही वयाने मोठे म्हणून आधी नमस्कार, आणि आपण दोघांनी एकाच घरच्या मुली केल्या म्हणून लगेच तक्रार. तक्रारीकडे सावकाश येतो. तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना त्यातून कट्ट असा आवाज येतो असं तुम्ही मागच्या पत्रात लिहिलं होतंत. चढताना येत नसेल तर फारसं काळजीचं कारण नसावं (हे मत मोटरींच्या अनुभवावरून आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नका). ताईंचा खोकला गेला का? इकडे तुमची मेहुणी ठणठणीत आहे, सासूबाई ठणठणीत आहेत, मामाही ठणठणीत आहेत, आणि घरात जो एकटा ठणठणीत नाही तो हे पत्र लिहितो आहे. सासूबाई आणि मामांना तुमच्याकडे न्यायला तुम्ही महिनाअखेरच्या रविवारी येणार असं ठरलंय. माझं म्हणणं इतकंच, की महिनाअखेरपर्यंत थांबायचं कशाला. त्याच्या आधीच्या रविवारी या. शनिवारी आलात तर मी स्वतः स्टेशनवर घ्यायला येईन, आणि मी दुकानाचं शटर लवकर ओढणारा माणूस नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

आता कारण. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, तेव्हा चहा घेऊन बसा. पंधरा वर्षं मी दुसऱ्याच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळली आणि मग स्वतःचं मोटर वाइंडिंगचं दुकान काढलं. शाळेशी माझं फारसं जमलं नाही, पण कान चांगला निघाला. पेचकसाचं टोक चालू मोटरच्या अंगाला टेकवायचं, लाकडी मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. बेअरिंग गेलं असेल तर कोणीतरी वाळूतून चालल्यासारखं ऐकू येतं. बुश झिजला असेल तर म्हातारा माणूस स्वतःशीच पुटपुटतो तसं. या भागातले पंप, पंखे, मिक्सर, पिठाच्या गिरणीची मोटर, सगळं माझ्या कानाखालून गेलेलं आहे. गेलं नाही ते फक्त एकाच घरचं सामान, ते म्हणजे आपल्या सासऱ्यांचं, मामांचं. लग्नाला अकरा वर्षं झाली, मामांनी मला दुरुस्तीला साधी टॉर्चसुद्धा दिलेली नाही. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस, छापलेल्या अक्षरावर त्यांचा विश्वास, आणि माझ्या दुकानात छापलेलं म्हणाल तर कॅलेंडर तेवढं.

दोन वर्षांपूर्वी ते आमच्याकडे असताना त्यांचा टेबल फॅन अडकला. मी समोर बसलो होतो. मी नुसता हात पुढे केला, तर म्हणाले, "असू दे जावईबुवा, तुम्ही दमून आलात." दुसऱ्या दिवशी इस्त्रीचे कपडे घातले, पंखा टॉवेलात गुंडाळला आणि दोन बस बदलून पलीकडच्या बाजारातल्या मिस्त्रीकडे घेऊन गेले. आता तो मिस्त्री माणूस गोड आहे, पण त्याला कॉइल भरता येत नाही. संध्याकाळी तो पंखा घेऊन मागच्या दाराने माझ्याकडेच आला. मी कॉइल भरली, तेल घातलं, त्याने नेला, मामांनी आणला. घरात लावला आणि मलाच म्हणाले, "बघा, हात असावा तर असा." मी म्हटलं, हो मामा, हात आहे खरा. (तुमच्या मेहुणीला हे ठाऊक आहे. त्या वेळी ती स्वयंपाकघरात जाऊन डब्यात तोंड घालून हसली.)

तर यंदा ते यायच्या आधीच मी ठरवलं, की यंत्रातलं आपल्याला काय कळतं हे मामांच्या डोळ्यांसमोर एकदा घडवून आणायचं. त्यात तुमच्या घरची एक गोष्ट सासूबाई मागच्या खेपेला वीसेक वेळा बोलल्या होत्या. "मोठीकडे कपडे आत टाकायचे आणि आपण पेपर वाचायचा." धाकटीकडे काय करायचं ते बोलत नसत, नुसतं बादलीकडे बघत. तेव्हा मी वॉशिंग मशीन घेतलं. पुढून दार उघडणारं, तुमच्यापेक्षा एका आकड्याने मोठं (हे सहज लिहिलं, मनात काही नाही).

दुकानदार म्हणाला, तीन दिवसांनी कंपनीचा माणूस येऊन बसवून देईल, तोवर हात लावू नका. साडूभाऊ, तुम्हीच सांगा. आम्ही उभ्या आयुष्यात हजारभर मोटरी उघडल्या, आणि एक मशीन नळाला जोडायला इस्त्रीचा शर्ट घातलेल्या पोरगेल्या माणसाची वाट बघायची? मी खोकं फोडलं, मशीन पॅसेजमध्ये न्हाणीघराच्या समोर उभं केलं, पाठीवर एक लाल पट्टी चिकटवलेली होती ती दिसायला बरी नाही म्हणून काढून टाकली. आत माहितीपुस्तिका होती ती मामांना दिली. मनात म्हटलं, त्यांना वाचायला होईल आणि माझ्या कामात लुडबुड होणार नाही. पाठीमागे चार दणकट बोल्ट होते. पाना लावून पाहिला, तर त्यातला एक किंचित ढिला लागला. मी चारही आवळून घेतले, चांगला लांब पाना घेऊन, आणि मामांना ऐकू जाईल असं म्हणालो, की बांधणी मजबूत आहे, कंपनीने काम चोख केलंय. मामांनी पुस्तिकेतून डोळे वर केले, माझ्याकडे पाहिलं, आणि पान उलटलं. ते पाहणं माझ्या लक्षात राहिलं, पण मी त्याचा अर्थ कौतुक असा घेतला.

पहिली अर्धी घटका मशीनने अशी काही शालीनता दाखवली की सासूबाई खुर्ची घेऊन समोर बसल्या. मग त्या हातपाय धुवायला न्हाणीघरात गेल्या, आणि त्याच वेळी मशीनने कपडे पिळायला घेतले. आधी घरघरलं. मग थरथरलं. मग त्याने एक पाऊल टाकलं. मी शब्दशः सांगतोय, एका कोपऱ्याने पुढे, मग दुसऱ्या कोपऱ्याने, लग्नात पाहुण्यांनी भरलेल्या खोलीतून जाड बाई वाट काढते तसं. मी त्याला मिठी मारली. त्याने मलाही बरोबर घेतलं. आम्ही दोघं पॅसेज ओलांडून न्हाणीघराच्या दारावर जाऊन आदळलो. दार बाहेर उघडणारं, त्यामुळे सासूबाई आत बंद. वायर ताणली गेली, प्लग आपसूक निघाला आणि मशीन थांबलं. माझ्यापेक्षा त्याला जास्त समज होती असं तुमची मेहुणी आजही म्हणते.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "कोण आलंय?" तुमची मेहुणी म्हणाली, "मशीन आलंय." सासूबाई म्हणाल्या, "मग त्याला बसायला सांगा, मी येते." त्या येईपर्यंत वीस मिनिटं गेली, कारण भिजलेल्या चादरी पोटात घेतलेलं मशीन मागे सारायला शेजारच्या शिंप्याला बोलवावं लागलं. शिंपी स्वभावाने बोलका आहे. दुसऱ्या दिवशी दुकानात पहिलं गिऱ्हाईक आलं तेच विचारत, "तुमचं मशीन कुठवर पोचलं?"

इथे शहाणा माणूस पुस्तिका मागून घेतो. मी पेचकस घेतला. दोन दिवस दुकान अर्धवट सोडून मी मशीनच्या कुशीत बसलो. वरचं झाकण काढलं, कान लावला. बेअरिंग चांगलं. पट्टा चांगला. फरशी पाणसळीने तपासली, तीही चांगली. पायांखाली रबराचे तुकडे ठेवले, तर मशीन रबरासकट चाललं. शेवटी तिसऱ्या दिवशी जेवताना मी निकाल दिला, की ड्रमचा दांडा कारखान्यातूनच वाकडा आलाय, आणि दुकानदाराला फोन करून जे बोललो ते इथे लिहीत नाही. मामा शेजारच्या पाटावर शांतपणे जेवत होते.

चौथ्या दिवशी तो इस्त्रीच्या शर्टातला माणूस आला. त्याने मशीनला हातही लावला नाही, मागे वाकून पाहिलं आणि विचारलं, "प्रवासातले बोल्ट काढले नाहीत का?" मी विचारलं, कुठले बोल्ट. तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीतून, पेपरावरून डोळे न काढता, मामांचा आवाज आला. "पान चार. चौकटीत दिलंय. जाड ठशात."

गोष्ट अशी आहे साडूभाऊ, की वाटेत ड्रम हलू नये म्हणून कंपनी तो चार बोल्टांनी जखडून पाठवते. मशीन सुरू करण्याआधी ते काढायचे असतात. मी ते आवळले होते, आणि असे आवळले होते की त्या माणसाच्या पान्याला ते दाद देईनात. शेवटी माझ्याच लांब पान्याने, माझ्याच हाताने, त्याच्या देखत, मामांच्या देखत आणि चहा द्यायच्या निमित्ताने दोनदा येऊन गेलेल्या तुमच्या मेहुणीच्या देखत मी ते काढून दिले. मशीन आता इतकं मुकाट चालतं की चालू आहे का ते हात लावून बघावं लागतं.

तो माणूस गेल्यावर मी मामांपाशी गेलो. म्हटलं, मामा, तुम्ही पहिल्या दिवशीच वाचलं होतंत? म्हणाले, "दोनदा." म्हटलं, मग बोलला का नाहीत? त्यांनी पेपराची घडी घातली. "तुम्ही कान लावून बसला होतात. कोणी ऐकत असताना मध्ये बोलू नये." एवढं म्हणून त्यांनी पुस्तिका माझ्या हातात ठेवली. त्यात लाल पेन्सिलीने छपाईच्या चौदा चुका दाखवलेल्या होत्या. चौकट बिनचूक होती.

तेव्हा परिस्थिती ही अशी. अकरा वर्षं जे दाखवायचं होतं त्याच्या नेमकं उलटं मी मामांना दाखवून बसलो आहे. सासूबाई आता मशीन सुरू केल्यावर न्हाणीघराकडे फिरकत नाहीत, आणि मी घरी पेचकस हातात घेतला की मामा पाय वर घेऊन बसतात. अशा घरात कर्त्या माणसाने जेवायचं कसं? तुम्ही लवकर या आणि त्यांना घेऊन जा. तुमच्याकडच्या मशीनपासून त्यांना काही धोका नाही, कारण ते तुम्ही बसवलेलं नाही.

ताईंना नमस्कार सांगा. गुडघ्याला शेक द्या.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. पत्र पाकिटात घालून दोन दिवस गल्ल्याखाली पडलं होतं, ते बरं झालं. आज दुपारी मामा दुकानात आले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच पायरी चढले. हातात त्यांचा रेडिओ, टॉवेलात गुंडाळलेला. बसा म्हटलं तर बसले नाहीत. रेडिओ टेबलावर ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "आवाज येत नाही. जमलं तर बघा." आणि गेले.

मी पेचकस बाजूला ठेवला आणि मागचं झाकण नुसतं नखाने उघडलं. दोन्ही सेल उलटे घातलेले होते. झाकणाच्या आतल्या बाजूला सेल कसे घालायचे त्याचं चित्र आहे, खाली ओळ छापलेली आहे, आणि त्या ओळीतली एक वेलांटी मामांनी केव्हातरी लाल पेन्सिलीने सुधारलेली आहे. शिवाय सकाळी सात वाजता भिंतीपलीकडे त्याच रेडिओवर मी बातम्या ऐकल्या होत्या. कान अजून शाबूत आहेत माझे. म्हणजे माणसाने सात ते दुपारच्या मधे बसून हाताने सेल उलटे केले, रेडिओ टॉवेलात गुंडाळला, आणि मला आणून दिला. मी सेल सरळ केले. रेडिओ बोलायला लागला. मी तो बंद केला. एक गिऱ्हाईक मिक्सर घेऊन आलं होतं, त्याला उद्या ये म्हटलं.

संध्याकाळी घरी सांगितलं, मामा, बिघाड किचकट आहे, भाग मागवावा लागेल, वेळ जाईल. म्हणाले, "जाणारच. मलाही तशीच शंका होती." मग विचारलं, "उद्या येऊन बघितलं तर चालेल का?" म्हटलं, रोज या.

तेव्हा विनंती अशी, की महिनाअखेरीला येऊ नका. त्याच्या पुढच्या महिन्याचंही एवढ्यात ठरवू नका. घराचं रंगकाम काढलंय म्हणून कळवा. खरंच काढलंत तर उत्तमच, पण नुसतं कळवलंत तरी माझं काम होतं. सासूबाईंची अडचण नाही, त्यांनी मशीनसमोर बसून पेपर वाचायला सुरुवात केली आहे.

ता. क. दुसरा. मामा काल दुकानात दोन तास होते. स्टुलावर बसून जुन्या पंपांची पत्रकं वाचली. एका गिऱ्हाइकाने मला विचारलं, दुरुस्ती नीट होईल ना, तर माझ्याआधी तेच म्हणाले, "जावई माझे. मूठ कानाला लावून सांगतात." रेडिओ नीट आहे हे त्यांना माहीत आहे. ते मला कळलंय, हे मात्र तुमच्याकडून त्यांना कळू देऊ नका. ताईंनाही सांगू नका, त्या फोनवर सगळं बोलून टाकतात.