शेवटचं उघडलेलं फोल्डर

१ जून, सोमवार
आलो एकदाचा. खोली झकास आहे: मोठी खिडकी, ऐसपैस टेबल आणि नळाला चक्क पाणी. खाली शिंपीकाकांचं दुकान, वर मालकीणबाई, मधे मी. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातली नोकरी उद्यापासून. ही आणि चिमणी चौदा तारखेला येतील, शाळेचा दाखला हातात पडला की. चिमणीचा छोटा पलंग आजच जोडला. शेवटी एक स्क्रू हातात उरला, तो कुठला ते देव जाणे. सहा वर्षांच्या पोरीचं वजन ते कितीसं, चालून जाईल. फोनवर तिनं बजावलंय की खिडकीजवळची बाजू तिची. पुढचा दात पडल्यापासून बोलताना नुसता वारा सुटतो, पण हुकूम सोडणं काही थांबत नाही.

३ जून, बुधवार
मालकीणबाईंनी चहाला बोलावलं, म्हणजे कामाला. निवृत्त शिक्षिका आहेत, बोलायला गोड. त्यांच्या यजमानांनी पूर्वी स्वतः बनवलेला एक खेळ कॉम्प्युटरवर आहे. घर बांधायचं, खोल्या वाढवायच्या, अंगण सजवायचं. यजमान गेल्यापासून बाई तो रोज खेळतात. तक्रार एवढीच, की खेळाच्या फायली भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडतात.

पाहिलं तर खरंच. फोल्डरचं नाव ‘फोटो’ आणि आत एकही फोटो नाही, सगळ्या खेळाच्या फायली. नावं मात्र फोटोंचीच राहिलीत: ‘पहिलं पाऊल’, ‘शाळेचा पहिला दिवस’, ‘पदवी’. कुणाचे फोटो होते म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, कुणास ठाऊक, आम्हाला मूलबाळ नाही. त्यांच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत, एकीवर एक, वाढत्या पोराची उंची मोजतात तशा. असतील कुणा भाडेकरूच्या. खेळाची प्रत माझ्या लॅपटॉपवर घेतली. किरकोळ काम आहे.

४ जून, गुरुवार
गोम सापडली. या खेळाला स्वतःचं फोल्डरच नाही. शेवटचं जे फोल्डर उघडलं असेल, त्यात तो फाईल ठेवून देतो. बाई आधी फोटो बघत असणार आणि मग खेळत असणार. यजमान हुशार, पण घाईचे दिसतात. खेळ बंद करताना पडद्यावर ‘जपून ठेवलं’ अशी अक्षरं येतात, ते मात्र मला आवडलं. माझ्या लॅपटॉपवर खेळानं फाईल चिमणीच्या फोटोंत टाकली, कारण जेवताना मी तेच चाळत बसलो होतो. माझी रोजची खोड.

६ जून, शनिवार
खेळाला वेगळं फोल्डर करून दिलं, बाईंकडे आणि माझ्या लॅपटॉपवरही. बाई खूश.

शिंपीकाकांकडे शर्टाला बटणं लावायला गेलो होतो. ते म्हणाले, बाईंना मुलगी आहे की, परगावी नर्स आहे. गेल्या वर्षी आली होती. बाईंनी दारातूनच सांगितलं, तुम्ही घर चुकलात. ती दुपारभर पायरीवर बसून होती म्हणे. काकांच्या मते मायलेकींचं भांडण असणार.

मला काही बरं वाटेना. वर येऊन चिमणीचे फोटो उघडले. दोन उघडत नाहीत. एक समुद्रावरचा होता. त्या दिवशी तिनं कुठला फ्रॉक घातला होता, काही केल्या आठवेना. माझं डोकं तसं पहिल्यापासून चाळणीच.

८ जून, सोमवार
दुपारी लॅपटॉपवर खेळ तपासायला उघडला. मी केलेलं फोल्डर तसंच रिकामं. आणि अंगणात दोघीजणी उभ्या. एक मोठी, हातात पदवीचा कागद. तिचं बोट धरून एक लहान. तिचा पुढचा दात पडलेला.

मी त्यांना तिथे ठेवलेलं नाही. खेळ बंद केला. ‘जपून ठेवलं.’ लगेच फोटो मोजले. चौदा गेले.

लॅपटॉपवरून खेळ पुसून टाकला.

९ जून, मंगळवार
सकाळी लॅपटॉप उघडला तर खेळ सुरूच होता.

हिला फोन केला, म्हटलं तुझ्याकडचे फोटो पाठव. ती म्हणाली, फोन बदलताना सगळे तुझ्याकडेच टाकले ना.

आता उलगडलं. फोटो शाबूत आहेत ना हे बघायला मी फोल्डर उघडतो आणि मीच त्याला वाट दाखवतो. बाईंनीही तेच केलं असणार, रोज. तेव्हा बघायचं नाही. एवढं साधं आहे.

कागदापर्यंत तो पोचत नाही, म्हणून इथे लिहितो: तिला आम्ही चिमणी म्हणतो. माझी मुलगी. सहा वर्षांची. पुढचा दात नाही. चौदाला येणार.

११ जून
दोन दिवस बघितलं नाही. आज तिचा चेहरा आठवायला गेलो आणि — नाक कसं आहे तिचं? बाप ना मी. एकच फोटो बघू, एकच —

बत्तीस गेले. एक उरला.

१२ जून
सकाळी फोन आला. लहान मुलीचा आवाज. परवा येते म्हणाली. म्हटलं बाळ, नंबर चुकला. मग ही बोलायला लागली आणि एकदम रडायला लागली. का, ते सांगेना.

मागची पानं वाचली. अक्षर माझंच. चिमणी म्हणजे — ‘एक उरला’ म्हणजे काय उरलं? बघायला फोल्डर उघडलं —

जपून ठेवलं.

१४ जून, रविवार
छान ऊन पडलंय. ही आज येणार. खोली आवरली. खिडकीजवळ एक छोटा पलंग आहे, आधीच्या भाडेकरूचा असावा. शिंपीकाकांना देऊन टाकीन. एक स्क्रू कमी आहे त्याला.

दार वाजलं. भोकातून पाहिलं. ही आहे आणि तिच्याबरोबर कुणाची तरी मुलगी. पाच-सहा वर्षांची, दात पडलेला, गोड आहे. दारावर दोन्ही हातांनी थापा मारतेय. बाबा, बाबा, म्हणतेय. बिचारी. जाऊन सांगायला हवं तिला, की बाळ, तू घर चु—