सायकलीचा गोंडा

२६ एप्रिल

घरी येऊन चार दिवस झाले. तात्या अजून बोललेले नाहीत.

सकाळी मी ओट्यावर चहा पीत होते. ते हातभर अंतरावर. आईला म्हणाले, "तिला सांग, सायकल वाटंतनं काढ. कांद्याचा ट्रॅक्टर यायचाय." ती म्हणजे मी! आईनं तेच वाक्य माझ्याकडं तोंड करून पुन्हा म्हटलं. मी आईलाच म्हटलं, "त्यांना सांग, काढते." आई म्हणाली, "दोघं मिळून मला आता पगार चालू करा."

कन्याकुमारीपासून श्रीनगरपर्यंत सायकल मारून आले. तमीळ, तेलुगू, पंजाबी — ज्यांचं एक अक्षर मला कळत नव्हतं ती माणसं माझ्याशी पोटभर बोलली. आणि इथं मिरजगावात, घरातला बाप फेब्रुवारीपासून मुका.

जाते म्हटलं तेव्हा एवढंच बोलले होते — "तीस वर्षं ट्रक चालीवला म्या. रस्त्यावर काय काय आसतं ते मला ठाव हाय. तू जायचं न्हाई." मी गेले. तिथनं अबोला. मीही त्यांचीच पोरगी, मीही मागं वळून पाहिलं नाही.

२८ एप्रिल

मेडिकलमध्ये परत कामाला लागले. मालकांनी जागा ठेवली माझी, त्यांचे उपकार. गिऱ्हाईक गोळ्या घ्यायला येतं आणि काउंटरला टेकून उभं राहतं. "एकटी व्हतीस? खरंच एकटी? भ्या न्हाई वाटलं?"

नाही वाटलं. खोटं कशाला सांगू, पहिले दोन दिवस वाटलं. पण मग माणसंच अशी भेटत गेली की भीतीला जागा उरेना. कृष्णगिरीच्या ढाब्यावरच्या अम्मानं मला समोर बसवून डोक्याला तेल घातलं. कर्नूलचा ढाबेवाला — त्यानं मला आपल्या पोरींच्या खोलीत झोपवलं आणि सायकल स्वतःच्या खाटेला साखळीनं बांधली. आदिलाबादच्या अलीकडं धुक्यात एक ट्रक माझ्या मागं मागं, दिवे लावून, बैलगाडीच्या चालीनं येत राहिला. मी आधी त्याला शिव्या दिल्या! नंतर कळलं, मला उजेड देत होता.

सगळ्यांना सांगते, जग चांगलं आहे हो. उगाच घाबरतो आपण. सगळ्यांना फोन करून नीट आभार मानायचेत. वाटेत धड मानले गेले नाहीत, पुढं जायची घाई.

३० एप्रिल

आईनं आज सायकल पुसायला घेतली आणि एकदम म्हणाली, "गोंडा कुठाय गं?"

निघायच्या आदल्या दिवशी सीटच्या मागं एक गोंडा बांधलेला दिसला होता. लाल-काळ्या लोकरीचा, कवड्या ओवलेला. तात्यांच्या ट्रकला मागं असायचा तसाच. आई म्हणाली होती, मी बांधलाय, नजर लागायला नको. मला हसू आलं, पण राहू दिला. सगळ्या दक्षिणेत शेपटीसारखा हलत होता.

मध्य प्रदेशात लखनादौन म्हणून गाव आहे. तिथं चहाच्या टपरीवरच्या बाईची गाय आदल्या दिवशी व्याली होती. कालवड झालेली. बाई म्हणाली, तुझा हा गोंडा हिच्या गळ्यात किती शोभेल! मी सोडून दिला. नजर लागायचीच तर त्या कालवडीला आधी लागेल, इतकी देखणी होती. नंतर फोनवर आई विचारायची, गोंडा हाय ना सायकलीला? मी म्हणायचे, हाय की. कशाला प्रवचन ऐका!

आज सांगून टाकलं. आईनं कपाळाला हात लावला आणि तात्यांकडं पाहिलं. तात्या उठले आणि कांद्याच्या चाळीकडं निघून गेले.

एका गोंड्यासाठी एवढं?

३ मे

कर्नूलला फोन लावला. नाव सांगितलं तर त्याला कळेना. सायकलवाली म्हटल्यावर ओरडलाच — "अरे, गोंडेवाली बिटिया! काकासाहेब कैसे हैं?"

काकासाहेब म्हणजे तात्या.

मग त्यानं कौतुकानं सगळं सांगितलं. तात्यांनी आठवडाभर आधीपासून फोन चालू केले होते. मुलगी येतेय, सायकलीला मागं लाल-काळा गोंडा आहे, दिसली की थांबवा, जेवायला घाला, पण माझं नाव सांगू नका. मी कृष्णगिरीला फोन लावला. अम्माचा मुलगा बोलला. तेच. धुक्यातला ट्रकवाला? तोही तात्यांच्याच ओळखीचा.

फोन ठेवला आणि मेडिकलच्या मागच्या खोलीत जाऊन रडले. मालकांना वाटलं, कोणी गेलं की काय.

म्हणजे मी सायकल चालवत नव्हतेच. पार्सल होते मी! एकानं उचलायचं, दुसऱ्याच्या हातात द्यायचं. मदत केली याचा राग नाही. राग याचा की मी गावभर सांगत सुटलेय, जग चांगलं आहे, जग चांगलं आहे — आणि जग म्हणून जे भेटलं ते निघाले तात्याच.

४ मे

आज मीही आईला निरोप दिला नाही. जेवताना तिघंही गप्प. आई म्हणाली, "आता मी कुनाशी बोलू? म्हशीशी?"

६ मे

नियाजचाचा आले होते. तात्यांचे ट्रकवरचे जुने जोडीदार. दोघांनी मिळून गाडी चालवली. तात्यांची साखर वाढली, डोळे अधू झाले, ते घरी बसले. चाचा अजून चालवतात. तात्या बाजारला गेले होते. मी चाचांना धरून बसवलं आणि विचारलं, तुम्हाला माहीत होतं का हे सगळं?

"माज्याच फोनवरनं निम्मे फोन केले की त्यानं," चाचा म्हणाले. "पन पोरी, लखनादौनपातुर तू बराबर दिसत व्हतीस. त्याच्या म्होरं गायब. सागरचा ढाबेवाला म्हनला, गोंड्याची सायकल गेलीच न्हाई. आन तुजी आई म्हनती, आत्ताच बोलले तिच्याशी, गोंडा हाय म्हनली. तुज्या बापाला वाटलं, पोरीला कुनीतरी धरलंय आन तेच तिला बोलाया लावतंय."

आणि मी फोनवर म्हणत होते, हाय की!

"मी कानपूरला द्राक्षं घेऊन निघाल्तो. हा येऊन केबिनीत बसला. धड दिसत न्हाई, तरी सागरपासनं खिडकीतनं डोकं भाईर. सायकल दिसली की म्हनायचा, हळू घे नियाज, हळू घे."

तेव्हा आई मला म्हणाली होती, तात्या श्रीरामपूरला लग्नाला गेलेत.

"ललितपूरच्या अलीकडं दिसलीस. हरभऱ्याच्या रानात बायांत बसून हावळा खात व्हतीस. भाजल्याला हरभरा सोलून सोलून तोंड काळं झाल्तं तुजं. खदाखदा हसत व्हतीस. म्या म्हनलं, मार हाक. तर म्हनला, 'नियाज, ह्या बाया आपल्या वळखीच्या हायेत का रं?' म्या म्हनलं, न्हाई. 'मग हिला खायाला घाला म्हनून त्यास्नी कुनी सांगितलं?' लई वेळ बघत बसला. मग डोळं पुसलं आन म्हनला, चल. त्या दिसापासनं एक बी फोन केला न्हाई त्यानं."

"मग माझ्याशी बोलत का नाहीत?"

चाचा हसले. "राग कवाच गेलाय गं. आता सुरवात कशी करायची ते कळंना झालंय त्याला."

७ मे

दिवसभर तीच दुपार आठवतेय. नुसतं पाणी मागायला थांबले होते मी. रानातल्या बायांनी मला ओढून खाली बसवलं, ओंजळ भरली. एकीनं माझ्या काळ्या तोंडावर बोट ठेवून दुसरीला काहीतरी सांगितलं आणि सगळ्या हसल्या. माझं रस्त्याकडं लक्षच नव्हतं. कडेला एक ट्रक उभा होता का? असेलही. रस्त्यावर ट्रक असणारच.

म्हणजे तिथनं पुढं फोन नव्हता, गोंडा नव्हता, कुणाची ओळख नव्हती. आणि तरी आग्र्याला घर मिळालं, पठाणकोटला टायर मिळालं. रामबनला दरड कोसळून रस्ता बंद झाला, तेव्हा एका घरातल्या आजीनं स्वतःची गोधडी माझ्यावर घातली आणि आपण चुलीपाशी बसून राहिली. हे खरंच जग होतं.

पण कर्नूलचा तो माणूस? दुसऱ्याच्या बापाचा शब्द राखायला सायकल खाटेला बांधून झोपला. तो काय परका नव्हता? पार्सलच्या डोक्याला कोणी तेल घालत नाही. कृष्णगिरीला, कर्नूलला पुन्हा फोन केला. या वेळी पोटापासून आभार मानले.

तात्यांना काय म्हणायचं ते मात्र सुचत नाही. मलाही सुरुवात कळेना झालीय.

९ मे

सकाळी सायकल काढायला गेले तर सीटला नवा गोंडा. लाल-काळा. तात्या शेजारीच उभे, हाताला लोकरीचे धागे चिकटलेले. आई घरात नव्हती, त्यामुळं निरोप द्यायला कोणी नव्हतं.

"ह्यो वळखीसाटी न्हाई," तात्या मला म्हणाले. "नजर लागू न्हाई म्हनून." मग गोंडा नीट करत, "म्होरल्या खेपंला आसामकडं जा. तिकडं माज्या वळखीचं कुनीबी न्हाई."