डावीकडे हो, उजवीकडे नाही

८ जुलै २०१४, कामठा

एमुलेटर उघडायला आज अकरा मिनिटं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक खोटा फोन उगवतो, त्याची वाट पाहत बसायचं. उगवला एकदाचा, आणि लाइट गेली. पुन्हा पहिल्यापासून. खरा स्मार्टफोन घरात कोणाकडेच नाही, माझा बटणांचा. तेव्हा नशिबी हाच खोटा.

बाबूजींना लकवा मारून सात आठवडे झाले. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदमच गेली. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणतात. मानेनं सांगा म्हणावं तर सगळ्यालाच मान हलते. चहा घेता? मान. चहा नको? मान. माय दोनदा चहा पाजून मोकळी.

मी ठरवलंय. ॲपमध्ये दोनच मोठी बटणं. डावीकडे हिरवं हो, उजवीकडे लाल नाही. डाव्या हाताचं बोट लावायचं, बोलेल यंत्र.

१९ जुलै

नवीन रोग. नाहीचं बटण दाबलं की आधी हो वाजतं, मग नाही. चार दिवस गेले यात. कॉलेजात पोरांना डिबगिंग शिकवते मी, पगार घेते त्याचा! शेवटी सापडलं. आधीचा आवाज थांबवतच नव्हते.

माय धानाच्या रोवण्यावरून आली, कोपरापर्यंत चिखल. उभ्या उभ्या म्हणाली, "काय कामाचं हाय ते? बोलाचं असन त भगवान बोलवन त्याइले." मी उलट बोलले. बोलायला नको होतं. तीही थकलेलीच.

३ ऑगस्ट

फोन आडवा केला की ॲप मरतं. उभा असला की जगतं. आडवाच लागणार, खाटेवर पडून उभा कसा धरतील?

हो आणि नाही माझ्याच आवाजात भरले. पुरुषाचा आवाज हवा होता, पण काका माइक पाहूनच पळाले.

२४ ऑगस्ट

माउसनं दोनशे वेळा दाबलं. शंभर हो, शंभर नाही. एकही चूक नाही. एमुलेटर खूश, मी खूश. दादाला नागपूरला फोन केला. त्याच्या ऑफिसात जुना टॅबलेट पडून आहे, आणतो म्हणाला. दवाखान्याच्या सगळ्या खेपा त्यानंच केल्यात. नोकरी सांभाळून. हे लिहून ठेवते, कारण पुढेमागे मी विसरेन.

६ सप्टेंबर

टॅबलेट आला. आडवा धरला, मेला नाही.

बाबूजींच्या समोर धरला. तुमचं नाव रामलाल का? हो. हे कामठा का? हो. मी तुमची सुनंदा का? यंत्र म्हणालं हो, बाबूजींच्या डोळ्यांत पाणी, आणि मी तर तोंडात पदर कोंबून न्हाणीत जाऊन रडले. साडेतीन महिन्यांनी बाप बोलला.

सगळे प्रश्न हो उत्तराचेच विचारले, हे तेव्हाच खटकलं होतं. कॉलेजात मीच पोरांना ओरडते की चुकीचंही टाकून बघा. पण बाबूजींना "तुमचं नाव श्यामलाल का" असं कसं विचारायचं? बापाची थट्टा केल्यासारखं होतं. या घरात आजवर त्यांना कोणी मुद्दाम उलटं विचारलेलं नाही. जीभच उचलली नाही माझी.

१४ सप्टेंबर, रविवार

दादा आला. काका, दोन चुलतभाऊ, पडवीत सगळे. बोडीखालच्या बांधीला, तळ्याखालच्या आमच्या धानाच्या शेताला, गिऱ्हाईक आलंय. गावात सगळ्यात चांगलं पाणी तिथंच. झुडपं तोडून, मातीची पाळी घालून ती बांधी बाबूजींनी स्वतः काढलेली, मी चौथीत असताना. दादाचं म्हणणं, आता करणार कोण? विकू, आणि दोघांना नागपूरला नेऊ. काका म्हणाले, मालकाले विचारल्याबिगर नाही.

मी सगळ्यांना सांगितलं, दोनशे वेळा तपासलंय, एकदम बरोबर आहे. दादानं टॅबलेट धरला. "बाबूजी, बोडीखालची बांधी इकून टाकू का?"

बोट गेलं. हो. माझ्या आवाजात, खणखणीत.

दादानं पुन्हा विचारलं. पुन्हा हो. काका म्हणाले, "घ्या, मालकच हो म्हणते. आता कोनाचं काय चालते?"

मग बाबूजी रडायला लागले. आ आ करत, टॅबलेटवर थापा मारत. सगळ्या थापांना यंत्र हो हो हो हो. दादानं त्यांना जवळ घेतलं. लकव्यात रडू येतंच, डॉक्टर बोलले होते. मीच ते सगळ्यांना सांगितलं. मीच.

दुपारी इसारपावती झाली. रजिस्ट्री दिवाळीच्या आधी.

२१ सप्टेंबर

बाबूजी टॅबलेट ढकलून देतात. समोर नेला की तोंड भिंतीकडे. माय म्हणते, "कंटाळा आला असन." मला वाटत नाही.

काहीतरी चुकलंय. काय ते कळत नाही. एमुलेटरवर पुन्हा शंभर वेळा दाबलं. सगळं बरोबर. तो खोटा फोन दात विचकतोय असं वाटतं.

२८ सप्टेंबर

बोट कुठं लागलं याची नोंद ॲप ठेवतं, माझ्याच सोयीसाठी ठेवलेली. आज उघडून पाहिली. बाबूजींचे सगळे स्पर्श पडद्याच्या डाव्या अर्ध्यात. सगळे म्हणजे सगळे. त्या दिवशीच्या थापासुद्धा. उजवीकडे एक नाही.

पहिला संशय: टॅबलेटचा उजवा भाग मेलेला. माझं बोट फिरवून पाहिलं, कोपऱ्यापर्यंत चालतो. दुसरा: हात पोचत नसेल. पण त्याच हातानं ते उजव्या खांद्यावरची माशी हाकलतात.

मग काय? जेवण गेलं नाही.

१ ऑक्टोबर

माय बाबूजींच्या ताटावरून कुरकुरत होती. "भाताले हात लावतेत, भाजी तशीच. रोजचंच हाय. काऊन सोडतेत का मालूम." भात ताटात डावीकडे. भाजी उजवीकडे.

उठले, त्यांच्यासमोर ताट फिरवलं. भाजी डावीकडे आली, बाबूजींनी पाहिलं जशी आताच वाढली, आणि सगळी खाल्ली. आता भात राहिला.

माय हसली. "लहान लेकरावानी करतेत." मी हसले नाही.

४ ऑक्टोबर

गोंदियाला व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमकडे गेले. कागदावर दोन चौकोन काढून दाखवले. त्या सहज म्हणाल्या, "दायीं तरफ का दिखता नहीं होगा. बहुतों को होता है. किसी ने बताया नहीं?"

नाही बताया मॅडम. किसी ने नहीं.

येताना बसमध्ये एकच गोष्ट डोक्यात. त्यांच्या पडद्यावर नाहीचं बटण नव्हतंच. त्यांच्यापुढे हिरवं एकच बटण होतं आणि मी म्हणत होते, निवडा. मला दोन्ही दिसत होती, म्हणून दोनशे वेळा पास. माझ्या डोळ्यांनी तपासलं, माझ्या बोटानं तपासलं. एकदा, फक्त एकदा श्यामलाल विचारलं असतं तर तिथंच पकडलं गेलं असतं. बापाचा मान राखला मी! मान राखला आणि बांधी घालवली.

५ ऑक्टोबर

बटणं एकाखाली एक केली, दोन्ही डाव्या कडेला. एमुलेटर उघडलाच नाही. तोंड पाहायचं नाही त्याचं.

सकाळी बाबूजींजवळ बसले. आधी पाया पडले. मग विचारलं, तुमचं नाव श्यामलाल का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जीव गेला. मग बोट लाल बटणावर. नाही. हे नागपूर आहे का? नाही. हे कामठा? हो. दहा प्रश्न, दहाही बरोबर.

अकरावा. बोडीखालची बांधी विकायची होती? नाही. पुन्हा विचारलं. नाही. तिसऱ्यांदा विचारायच्या आधीच दाबलं त्यांनी. नाही, नाही.

माय चुलीपाशी होती. तिनं ऐकलं. येऊन त्यांच्या पायाशी बसली.

६ ऑक्टोबर

दादाला फोन. सगळं सांगितलं. ताट, मॅडम, बटणं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नंदा, तुझ्या मनासारखं उत्तर येईपर्यंत बटनं बदलत राहशील का?"

मी म्हटलं, आधीचं चूक होतं.

"तेव्हाबी तूच म्हटलं होतं का एकदम बरोबर हाय. पाच मानसांसमोर. आता लोकाइले काय सांगू, मशीन फिरली?"

त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. मायकडे फोन दिला. तिनं फक्त "हो बाबू, हो बाबू" केलं आणि ठेवला. पोरापुढे तिचं तोंड उघडत नाही.

काकांकडे गेले. ते म्हणाले, "पोरी, मालकानं हो म्हटलं ते माह्या कानानं आयकलं." खरं आहे. त्यांच्या कानानं ऐकलं.

११ ऑक्टोबर

लवकर येणारा हलका धान पिवळा पडलाय. सायकलनं बोडीखालच्या बांधीवर जाऊन आले. पाळीवर बसले. उठवेना. कुठल्याही चुकीची दुरुस्ती आधी सापडते आणि मग लागू होते, असं मी पोरांना सांगते. बांधीला कोणती दुरुस्ती लागू करू?

दादा सोमवारी गाडी घेऊन येतोय. बाबूजींना रजिस्ट्रीला न्यायला. अंगठा डाव्या हाताचा चालतो म्हणे.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी बाबूजींनी स्वतःच टॅबलेटकडे हात केला. मी धरला. ते वाट पाहत राहिले. काय विचारायचं ते मला माहीत होतं, आठवडाभर टाळत होते.

बाबूजी, तुम्हाला माझा राग आला आहे का?

हो.

बोट घसरलं असेल. वरचं बटण आहे, जवळ पडतं. आत गेले, कॉम्प्युटरवर बसून जागा बदलली. लाल वर, हिरवं खाली. पुन्हा टॅबलेटवर चढवलं. वीस मिनिटं लागली. ते तसेच बसून होते.

पुन्हा विचारलं. बोट लालवरून सावकाश खाली आलं.

हो.

ॲपमध्ये दोष नाही. उद्या दादा आला की त्याच्यासमोर बाबूजींना बांधीचं पुन्हा विचारणार आहे, काकांनाही बोलावलंय. दादा मला टॅबलेट धरू देईल की नाही, कोण जाणे.