गोदामातले दोन आरसे आणि माझ्या शेजारची जागा

मी, बर्निस कोवाल्चिक, वय ७९, राहणार हडसन अव्हेन्यू, रॉचेस्टर, न्यूयॉर्क राज्य, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझे पती लिओ यांचे मत वेगळे असू शकेल. पण त्यांचे कोणतेच मत मला वेळेवर कळलेले नाही.

१. राहते घर लिओ यांना. गळक्या नळासह.

२. माझी अंगणातली दुर्बीण मुलगी मार्सिया हिला. तिने त्या दुर्बिणीवर कपडे वाळत घालू नयेत.

३. पिएरोगीचे, म्हणजे आमच्या पोलिश करंज्यांचे, लाटणे बहीण जेनोवेवा हिला. ते मुळात तिचेच आहे. १९६८ पासून ती मागत आहे.

४. दफनभूमीत आम्ही दोन जागा घेऊन ठेवल्या आहेत. माझ्या शेजारची जागा लिओ यांना मिळू नये. तीही जेनोवेवाला द्यावी. कारण नमूद करते.

मी नागरी अवकाश संस्थेत दुर्बिणीवर काम केले. लिओ यांनी गावातल्या काचेच्या कारखान्यात. रोज संध्याकाळी मी विचारी, "आज काय केलंस?" उत्तर येई, "काच." एकतीस वर्षे एवढेच. १९७५ साली आमच्या अवकाश दुर्बिणीच्या दहा फुटी आरशासाठी मी वॉशिंग्टनला जाऊन पदर पसरला. पैसे नाहीत म्हणून आठ फुटांवर बोळवण झाली. त्या संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर डोके ठेवून रडले. लिओ म्हणाले, "बटाटे घेतेस?"

सात वर्षांपूर्वी लष्कराने गोदाम आवरले, तेव्हा वरून हेरगिरी करण्यासाठी बांधलेल्या दोन अख्ख्या दुर्बिणी न वापरता पडलेल्या सापडल्या. अडगळ नको म्हणून त्या आमच्या संस्थेला भेट दिल्या. बातम्या बघता बघता लिओ म्हणाले, "अगं, ते आरसे मीच घासलेत." काखेत कळसा नि गावाला वळसा! आम्हाला जादा स्क्रू हवा तर तीन अर्ज लागत, आणि लष्कराकडे जादा दुर्बिणी! एकाच करातून देशाने काही दुर्बिणी आकाश बघायला घेतल्या, काही दुसऱ्याच्या अंगणात डोकावायला. डोकावणाऱ्यांना पैसे कधी कमी पडले नाहीत. याचा, आणि लिओ यांनी हे माझ्यापासून लपवल्याचा, मला अजून राग आहे.

५. वरील मसुदा काल लिओ यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "तुमचा आरसा कोणत्या यंत्रावर तपासला, ठाऊक आहे?"

"संस्थेनं कुठूनसं मिळवलं होतं."

"आमचं होतं. गुप्त. रविवारी रिकामं असायचं. साहेबाच्या मागे लागून लागून ते तुमच्यासाठी मिळवलं. चालवायलाही मीच जायचो."

"रविवारी तर तू मासे पकडायला जायचास!"

"अडीच वर्षं गेलो. एक तरी मासा घरी आला?"

"मला वाटलं, तुला जमत नाही. अख्ख्या चर्चला सांगितलं मी तसं!"

"माहीत आहे. पाद्रीबाबांनी मला नवा गळ भेट दिला होता."

"अरे, पण मी रडले त्या दिवशी एक शब्द तरी बोलायचास!"

"बोलायची मनाई होती, बर्नी. म्हणून तर साहेबाच्या मागे लागलो."

६. सबब कलम ४ रद्द. माझ्या शेजारी लिओच. जेनोवेवाने दुसरी जागा बघावी.

७. लिओ यांच्या मासेमारीबद्दल गेल्या चाळीस वर्षांत मी केलेली सर्व विधाने याद्वारे मागे घेत आहे. हे कलम माझ्या अंत्यविधीत, अख्ख्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात वाचावे.

सही: बर्निस कोवाल्चिक
साक्षीदार: १. हार्लन टटल, शेजारी २. ओडेट ब्रुसार्ड, टपालवाली
रॉचेस्टर, ९ मार्च २०१९