पाच फूट एक इंचाची नायिका

२ जानेवारी, सकाळी
आज चादरीची घडी करताना आठवलं. लहानपणी मी आणि ताई धुतलेल्या चादरीची दोन-दोन टोकं धरायचो. मध्येच मी ती खांद्यावर ओढून राणी व्हायचे. ताई वैतागून म्हणायची, राणीसाहेब, आधी टोकं जुळवा.
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी मला सहा वर्षं नाटकाचा पडदा ओढायला ठेवलं. ताईने मला स्टेजवर कधी पाहिलंच नाही. आता पुढच्या महिन्यात ती मुलाकडे कायमची जाणार. लांब.
संकल्प: त्याआधी ती मला स्टेजवर पाहील. लायब्ररीच्या नाट्यमंडळात नाव दिलं.

४ जानेवारी
निवड झाली!! दिग्दर्शक पोस्टातून रिटायर झालेत. माणसाकडे वजन करायला आलेल्या पार्सलसारखं बघतात. मी पाठ केलेला उतारा सुरू करणार, तोच त्यांनी उंची विचारली. पाच फूट एक, म्हटलं. वा, अगदी नायिकेची उंची, म्हणाले. उद्यापासून सकाळी दहाला या.
उतारा ऐकायचीसुद्धा गरज पडली नाही. जाणकार माणूस.

५ जानेवारी
शब्द शिकले. विसरायच्या आत लिहिते.
डाऊनस्टेज: प्रेक्षकांच्या जवळचा भाग. अपस्टेज: मागचा. विंग: दोन्ही बाजूंचे आडोसे, जिथे नट आपली पाळी येईपर्यंत उभे राहतात. ब्लॉकिंग: कोणी, कधी, कुठे उभं राहायचं ते.
आज माझं ब्लॉकिंग झालं. फरशीवर पांढऱ्या पट्टीची फुली मारलीय, तिच्यावर मी. पाऊण तास. लाइटवाले शिडीवरून ओरडत होते, बाई, हलू नका. बाई, हनुवटी वर. बाई, नाकाची सावली पडतेय. सगळा स्पॉट माझ्यावर. हॉलमध्ये आम्ही दोघंच. बाकीच्यांची तालीम संध्याकाळी असते. मुख्य नटीला वेगळी वेळ देतात, हे मला ठाऊक नव्हतं.

८ जानेवारी
संध्याकाळी मुद्दाम डोकावले. एक दातांची डॉक्टरीण माझे संवाद म्हणत होती. बरी म्हणते. सकाळी तिचं क्लिनिक असतं म्हणे.
अंडरस्टडी: मुख्य नटी आजारी पडली तर तिच्या जागी उभी राहणारी. मला साधी सर्दीसुद्धा होत नाही. बिचारी.
संकल्प: तिच्याशी प्रेमाने वागायचं.

११ जानेवारी
प्रॉम्प्टरकडून (म्हणजे विंगेतून विसरलेलं वाक्य सांगणारा) संहिता मागून झेरॉक्स केली. दोनशे बारा वाक्यं पाठ. रोज गुळण्या. तेलकट बंद. (आज भजी खाल्ली. घशाला वंगण लागतं.)
हे विचारत होते, अगं, पण आजवर तुला एकाने तरी एक वाक्य बोलायला सांगितलं का? मी म्हटलं, माझा आवाज प्रयोगासाठी जपताहेत. हे म्हणाले, मग घरातही जप की थोडा.

१४ जानेवारी
चौदा पास मागितले. दिग्दर्शक म्हणाले, एवढे? मी नुसती हसले. त्यांनी दिले.
धाकट्या जाऊबाईंना फोन केला. वहिनी, रोल कोणता, विचारलं. म्हटलं, तू ये आणि बघ. मग मोरपंखी रेशमी शाल घेतली, तिसऱ्या अंकासाठी. ताईला सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, मी टॅक्सी करून येईन गं.

१६ जानेवारी
लाइटवाले म्हणाले, बाई, चाळीस वर्षांत तुमच्यासारखं उभं राहिलेलं कुणी बघितलं नाही. मी थँक यू म्हटलं आणि घरी येईपर्यंत गाणं गुणगुणत होते.
पॉज: संवादाच्या मधली अर्थपूर्ण शांतता. यात मी तयार आहे.

१९ जानेवारी, रात्री अकरा
ग्रँड रिहर्सल. पूर्ण पोशाखात, एकदाही न थांबता करायची तालीम. मी शाल पांघरून विंगेत.
पडदा वर गेला. डॉक्टरीणबाई माझ्या फुलीवर जाऊन उभ्या राहिल्या. उजेड बरोब्बर त्यांच्या नाकावर. सावली नाही.
मी फक्त पाच फूट एक होते. तेवढंच हवं होतं त्यांना.
नंतर दिग्दर्शकांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. काकू बारा दिवस सकाळी लाइटसाठी उभ्या राहिल्या, म्हणून डॉक्टरीणबाईंचं क्लिनिक बुडलं नाही, म्हणाले. मी विचारलं, आणि उद्या मी? म्हणाले, उद्या तुम्ही मस्त आरामात बसून नाटक बघा.
मी हसले. चांगलं हसले. ते कुणाला दिसलं नाही, विंगेत उजेड नसतो.

२० जानेवारी, सकाळी अकरा
आज प्रयोग. पास वाटायचे आहेत.
जाऊबाईंना दोन, खांबामागचे. काही विचारलं तर डोकं दुखतंय म्हणायचं.
ह्यांच्या ऑफिसातल्या मंडळींना सहा. मैत्रिणींना तीन. ह्यांना एक. कालपासून एकदाही टोमणा मारला नाही, म्हणून पुढच्या रांगेतला.
मोरपंखी शाल डॉक्टरीणबाईंना, तिसऱ्या अंकापुरती. पाठ झालेली दोनशे बारा वाक्यं मात्र कुणालाच नाहीत. ती माझी.
मैत्रिणी फुलांचा गुच्छ आणणार आहेत, तो लाइटवाल्यांना. बारा दिवस त्यांनी पाहिलं तसं एकटक माझ्याकडे कधी कुणी पाहिलं नव्हतं. ह्यांनी लग्नातसुद्धा नाही.
तिसऱ्या रांगेतली मधली खुर्ची ताईला. तिला सकाळीच फोनवर खरं सांगितलं. म्हणाली, टॅक्सी सांगून ठेवलीय, येतेच. नायिकेवर पहिला उजेड पडला की मला कोपर मार. मी तुलाच बघेन.
शेजारची खुर्ची मला.