आईच्या हिरडीखालची वस्ती

तलवाडा, ता. गेवराई
२८ मे १९८७

तीर्थस्वरूप मोहनराव दाजींच्या चरणी बिभीषणचा दंडवत.

तुमची आणि आक्काची तब्येत कशी आहे ते सविस्तर कळवावे. गुडघ्यासाठी तेल पाठवले होते ते लावता का? (आक्का म्हणते बाटली तशीच आहे. मी तिचे नाव सांगितले म्हणू नका.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे ज्यांना खुशाल राहायला पाणी लागत नाही ते. टँकर तिसऱ्या दिवशी येतो. आपल्या दूध संस्थेत पूर्वी सकाळी कॅन ठेवायला जागा नसायची, आता जनावरे छावणीत गेल्यापासून एका कॅनचा तळ झाकला तर झाकला. मी सचिव आहे, म्हणून रोज जाऊन कुलूप उघडतो, टेबल पुसतो आणि कुलूप लावतो. अशा रिकाम्या दिवसांत माझ्या हातून जे घडले ते तुम्हाला लिहिल्याशिवाय चैन पडेना.

आईच्या दातांचे तुम्हाला ठाऊकच आहे. दिवाळीपासून भाकरीला रक्त लागायचे. खालचे दात जिभेने ढकलले तरी हलायचे. शेवटी शेवटी ती भाकरी दुधात कुस्करून खायची, मग दूध संपले, मग पाण्यात, आणि पाण्याची तर ही तऱ्हा. दर बाजारी ती दातातले किडे काढणाऱ्या म्हाळूकडे जायची. तो रिंगणीचे बी निखाऱ्यावर टाकतो, तोंडात धूर देतो आणि परातीतल्या पाण्यात किडे पाडून दाखवतो. गेल्या खेपेला नऊ पडले. म्हाळूच म्हणाला, वच्छलाबाई, किडे लई झालेत, आता सगळेच दात काढून टाकू, पुढच्या बाजारी या. आई तयार झाली होती. घरी येऊन तिने सुनेला, शिवकन्येला सांगितले, तव्यावरची कडक भाकरी आज शेवटची दे, चावता येत नाही पण तोंडात धरून बसते. माझी बायको चुलीकडे तोंड करून रडली. मी म्हाळूचा एक किडा आगपेटीत घालून आणला होता, कशासाठी ते मलाही सांगता आले नसते.

त्याच आठवड्यात चाँदभाई मिस्त्री आले. (गेवराईच्या स्टँडामागे इंजिने दुरुस्त करतात ते. संस्थेचा जनरेटर त्यांनीच आजवर चालता ठेवला.) त्यांची मुलगी सुरैया शहरात दातांची डॉक्टर झाली आहे आणि पुढचे शिक्षण घेतेय. हिरडीच्या आजाराला तोंडातले कोणते जंतू कारण होतात यावर तिचे संशोधन चालले होते, आणि तिला खेड्यातल्या तेवीस तोंडांचे नमुने हवे होते. बसायला बंद खोली, टेबल आणि खिडकी पाहिजे. चाँदभाई म्हणाले, "सेक्रेटरी, तुमची खोली तशी बी रिकामीच हाय." मी संचालक मंडळाला न विचारता होकार दिला. (मंडळातले सगळे चाऱ्याच्या पावत्यांसाठी बीडला गेले होते, विचारणार कोणाला?)

पहिला नंबर मी आईचा लावला. सुरैयाबाईंनी तिच्या हिरडीखालून बारीक आकड्याने खसखशीएवढा पांढरा लगदा काढला, काचेवर थेंबभर पाण्यात पसरला आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवला. मी शेजारी खंबीर उभा होतो. मग त्या म्हणाल्या, "बघा."

दाजी, मी पंधरा वर्षे दुधात काम करतोय. जंतू म्हणजे दूध नासवणारी कसलीतरी अदृश्य खोडी, एवढी माझी समज होती. मी डोळा लावला आणि तसाच राहिलो. आत उजेडाचे एक गोल मैदान होते आणि त्यात हलणार नाही असे काहीच नव्हते. काड्यांसारखे लांब दोरे कंगव्यासारखे उभे. त्यांच्यामधून काही सरपटत होते, काही जागच्या जागी थरथरत होते. आणि मळसूत्रासारखे पीळ घातलेले, केसापेक्षा कितीतरी बारीक असे शेकडो जण अंग वळवीत इकडून तिकडे जात होते, एक क्षण थांबत नव्हते. कोणाला कसली घाई होती कोण जाणे. मी विचारले, हे सगळे जिवंत आहेत? त्या म्हणाल्या, आता या घटकेला जिवंत आहेत. मी विचारले, किती असतील? त्या म्हणाल्या, त्या एवढ्याशा लगद्यात अख्ख्या महाराष्ट्रातल्या माणसांपेक्षा कमी नसतील. आम्ही बाहेर थेंबाथेंबासाठी रांगा लावतोय, आणि माझ्या आईच्या एका दाताच्या मुळाशी एवढे जग ओलाव्यात नांदतेय आणि आम्हाला पत्ता नाही!

त्यांनी पुढे जे सांगितले त्याने तर मी खालीच बसलो. आधी काही साधे जंतू दाताला धरून राहतात. त्यांना धरून दुसरे. एकाने टाकलेले दुसऱ्याला अन्न. आणि अगदी खाली, हिरडीच्या आत, जे सगळ्यांत त्रासदायक, ते असे की त्यांना हवा लागली की मरतात. आता विचार करा, आमची आई पहाटेपासून निजेपर्यंत बोलते, आणि त्या तोंडात हवेने मरणारे जीव सुखाने राहतात! (हे मी आईसमोर म्हणालो नाही.) आगपेटीतला किडाही मी दाखवला. तो त्यांनी फोडून पाहिला. रिंगणीच्या बियातला कोंब निघाला. आई म्हणाली, "आसंल. पर धुरानं बरं वाटायचं बाई." आणि म्हाळूवर ती अजूनही रागावलेली नाही.

आता माझी चूक लिहितो. हे हवा न सोसणारे जंतू वाढवून ओळखायचे तर बंद बरणीत ठेवावे लागतात. आत एक पुडी टाकली की ती बरणीतली हवा संपवते. बरणी अंगाच्या उबेएवढ्या उबेत आठ-दहा दिवस ठेवायची. उबेसाठी त्यांनी बल्बची पेटी आणली होती. पण आपल्या पत्र्याच्या खोलीत दुपारी अंगाच्या उबेची काय कथा, कॅनला हात लावला तर पोळतो. ऊब द्यायची सोडून निववायची वेळ आली. ओले पोते गुंडाळून ठेवले तर जमेल, पण दिवसाला दोन घागरी पाणी जाईल, असे म्हणून सुरैयाबाई बल्बची पेटी परत बांधायला लागल्या. मी उठलो आणि म्हणालो, पाण्याचे माझ्याकडे लागले. (असे शब्द माझ्या तोंडून सहसा निघत नाहीत. त्या दिवशी निघाले.)

पाणी मी घरचेच नेत होतो. तिसऱ्या दिवशी शिवकन्या रिकामी कळशी घेऊन खोलीच्या दारात उभी राहिली, मागे टँकरच्या रांगेतल्या सात-आठ बाया. पोत्यातून टपटप चालली होती.

"लेकरं तहानलीत घरी. कावून वतलं हितं पाणी?"

मी म्हणालो, "जंतूंसाठी."

"कुणाच्या?"

"आईच्या तोंडातल्या."

बाया हसल्यासुद्धा नाहीत. ते फार वाईट होते. सुरैयाबाई लाल झाल्या. त्या बरणीचे झाकण सैल करायला लागल्या. म्हणाल्या, माझी चूक झाली, पाण्यापुढे हे काही नाही, पावसाळ्यानंतर परत येईन. दोन वर्षांची मेहनत होती दाजी. इतक्यात आई मागून आली. तिने सगळ्यांना बाजूला सारले, यंत्रापाशी बसली आणि म्हणाली, "मला आदी दाव."

त्यांनी ताजा थेंब लावून दिला. आईने डोळा लावला. डोक्यावरचा पदर घसरला तो तिने सावरला नाही. मग डोळा न काढता म्हणाली, "ही समदी माझ्या तोंडातली?"

"हो आजी."

"कवापास्न?"

"वर्षानुवर्षं असतील."

"मंग घरचीच हायेत. माझ्या वाटचं पाणी द्या त्यान्ला. मला तांब्याभर पुरंल."

नंतर शिवकन्येने बघितले. ती कळशी खाली ठेवून बसली ती उठेचना. मग एकेक बाई. एकीने तर यंत्राला हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक घरातून एक तांब्या पाणी संस्थेत यायला लागले. दुधाचे संकलन करावे तसे मी ते पाणी मोजून घेत होतो. इतकी माणसे एकदम संस्थेत मी दोन वर्षांत पाहिली नव्हती.

दहाव्या दिवशी बरणी उघडली. आत एकेकाचा नमुना पसरलेल्या मेंढीच्या रक्ताच्या लाल वड्या होत्या (तेच जंतूंचे खाणे), आणि आईच्या वडीवर मंगळसूत्रातल्या मण्यांसारखे काळे ठिपके उगवले होते. सुरैयाबाईंनी ती वडी उजेडात धरली. मला त्यांचा चेहरा दिसला. ते तेच होते ज्यांना त्या शोधत होत्या.

मग चार वेळा बसवून त्यांनी आईच्या दातांची मुळे खरवडून साफ केली. दोन दात गेले, बाकीचे ठेवले. मिसरी बंद केली (आई म्हणते तरी तसे), ब्रश धरायला शिकवले. परवा पुन्हा थेंब पाहिला. मैदान जवळजवळ शांत होते. चार-दोन गोल ठिपके आणि एखादी काडी. आई बघून म्हणाली, "कुटं गेली समदी?" तिला बरे वाटले की वाईट ते मला कळले नाही. काल तिने कडक भाकरी मोडली, दाढेखाली धरली आणि चावली. आवाज ओसरीपर्यंत आला. शिवकन्येने दुसरी टाकली. रक्त नाही.

आक्काला आशीर्वाद मागितला म्हणून सांगावे. पत्र लांबले, पण असे काही पाहिल्यावर माणसाने थोडक्यात कसे लिहावे?

आपला आज्ञाधारक,
बिभीषण

ता. क. — नमुने बावीसच झाले आहेत. तेविसावा माझा ठरला होता. मदतनीस असल्यामुळे मी माझा नंबर मागे मागे ढकलत आलो, आता मागे कोणी उरले नाही. माझ्याही हिरडीतून रक्त येते, दोन वर्षे झाली, घरात कोणाला बोललो नाही. सोमवारी सुरैयाबाई शेवटच्या येणार आहेत. तुम्ही सकाळच्या गाडीने यावे आणि माझ्याआधी खुर्चीत बसावे. तुम्ही बसलात की मला धीर येईल. तुमचे नाव मी सांगून ठेवले आहे.

ता. क. दुसरे (आई सांगते तसे लिहीत आहे, माझा इलाज नाही) — जावईबापू, ह्यो खंबीर उभा व्हता म्हणून यानं लिवलं आसंल. माझं रगत बगून कॅनावर पडला, दोन कॅन चेपलेत. तुमी बसा न बसा, तुमची मर्जी. पर माझ्या लेकीला घिऊन या. डॉक्टरीणबाई म्हणती, आई घास चावून लेकराला भरवती तवा आईच्या तोंडातली लेकराच्या तोंडात जात आसत्याल, पर खरं का खोटं ते आजून बगायचं हाय. मी तिला दोन वर्सं घास चावून भरवलाय. माझी तर गेली आता. तिच्या तोंडात ऱ्हायली आसली तर मला एकडाव बगायचीत. तिला म्हणावं, सोमवारी तोंड न धुता ये.