जोनालिन घरी बोलते

४ मार्च

शाळेत असताना कॉन्व्हेंटची मेण लावलेली लाकडी जमीन लुदी आणि मी घासायचो. नारळाच्या सोडणावर एक पाय ठेवून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. लुदी मदर सुपीरियरची नक्कल करायची. हसल्याबद्दल शिक्षा मला!

आता लुदी आमची मुख्याध्यापिका आहे. आज म्हणाली, "जोनालिन वर्षभर अक्षर बोललेली नाही. राहू दे तुझ्या बालवर्गातच."

घरी बोलत असेल, मी म्हटलं.

"असेल म्हणून पहिलीत पाठवू? पुरावा आण, बाई."

६ मार्च

कॉलेजच्या मुलांच्या भाषेवरच्या संशोधनासाठी मी शिवलेलं जाकीट जोनालिनला दिलं — खिशात छोटा रेकॉर्डर, दिवसभर घरी घालायचं. तिच्या आईची काळजी वेगळीच. "मॅम, आम्ही भांडलो तर?"

भांडा, म्हटलं. तीही भाषाच.

८ मार्च

ऐकायला बसले. आधी बराच वेळ नुसती डुकरं. मग तिची आई शेजारणीला — "म्हाताऱ्या मॅमला घरी बोलायला कोणी नाही ग, म्हणून आमचं ऐकते." तसंच उतरवून घेतलं.

आणि मग जोनालिन! कोंबड्यांचा वर्ग भरवलेला, त्यांना आमच्याच मुलांची नावं. "उजवा हात वर. रोडेल, तो डावा!" सूर माझा, खाकरणं माझं. खेकड्याची गोष्टसुद्धा माझीच. शेवट मात्र तिचा, माझ्यापेक्षा बरा.

पुढे — "आता चित्र काढा. मॅम कपाटामागे जाते. छाती धरून बसते. मग लिपस्टिक लावून येते."

कोणाला कळलं नाही असं मी समजत होते. कळलं की मला घरी बसवतील.

तेवढं कापता येईल. पण कापलेला पुरावा लुदी मानायची नाही.

११ मार्च

लुदीच्या खोलीत वाजवलं. सगळं. डोळे पुसेपर्यंत हसली. "हुबेहूब तूच ग! ते खाकरणं!"

मग कपाट आलं. तिनं रेकॉर्डर बंद केला. जोनालिनच्या कागदावर लिहिलं — पहिली. सही केली. पेनाला टोपण लावलं.

"कधीपासून?"

"नाताळापासून."

"गाढव आहेस. ऊठ. इलोइलोला जायचंय, शहरातल्या डॉक्टरकडे."

"तास आहे माझा."

"मी घ्यायला लावीन कोणाला तरी. ऊठ म्हणते ना!"

१४ मार्च, इलोइलो

उद्या सकाळी ऑपरेशन. परत आले नाही तर —

शिलाई मशीन जोनालिनच्या आईला. रेकॉर्डिंग सगळी कॉलेजला, शेजारणीच्या गप्पांसकट. मांजर लुदीला. तिला मांजरं आवडत नाहीत. शिकेल.

घर बालवर्गाला. गोंगाट चालेल.